परीक्षकाला जरा उशिरा बोलवा

कोल्हापुरात कुठल्याही गोष्टीला दोनच शेरे मिळतात. एक ‘लई भारी’, आणि दुसरा म्हणजे काही न बोलता पुढच्या विषयाकडं वळणं. मिसळ असो, कुस्ती असो, गणपतीचा देखावा असो, मधला शेरा नाही. ‘जगात भारी’ म्हणवून घेणाऱ्या गावात वाढलेला माणूस कथा लिहायला बसला की पहिल्याच वाक्यापाशी का अडतो, याचं मला फारसं कोडं पडत नाही.

लिहिणाऱ्यांच्या दोन तक्रारी सारख्या कानावर येतात. ‘मनासारखं उतरत नाही’ आणि ‘अमक्यासारखं जमत नाही.’ लोक यांना दोन वेगळी दुखणी समजतात. माझ्या मते दुखणं एकच आहे. लिखाण तयार होण्याआधीच ते जोखणारा परीक्षक मनात येऊन बसतो. कधी तो आपलाच आवाज घेऊन येतो, कधी एखाद्या मोठ्या लेखकाचा, कधी कॉलेजातल्या मित्राचा, ज्याचा कवितासंग्रह नुकताच आलाय. तो परीक्षक वाईट नसतो. त्याच्याशिवाय लिखाण भोंगळ होतं, आणि भोंगळ लिखाण आपल्याकडं काही कमी छापलं जात नाही. म्हणून अपेक्षा कमी करा, स्वतःला माफ करा, असा सल्ला मी देणार नाही. परीक्षकाला वेळ ठरवून द्यायची आणि त्या वेळेआधी आला तर दारात थांबवायचं, एवढंच करायचं आहे. ते कसं करायचं, ते क्रमानं सांगतो.

आधी बघा, अडता कुठं

पहिल्या दिवशी काहीच लिहायचं नाही. जुन्या वह्या, मोबाइलमधल्या नोंदी, वर्डच्या फायली, जे जे अर्धवट पडलंय ते सगळं समोर घ्या आणि प्रत्येक लिखाण कुठल्या जागी थांबलंय तेवढंच शेजारी टिपा. दुरुस्त्या करायचा मोह होईल. करू नका.

थांबायच्या जागा साधारण तीन सापडतात. काहींची सुरुवात दहा-पंधरा तऱ्हांनी लिहिलेली असते आणि दुसरा परिच्छेद कुठंच नसतो. काहींचं लिखाण शेवटाच्या जरा अलीकडं थांबलेलं असतं, कारण पुरं झालं की ते जोखलं जाणार. अर्धवट गोष्टीला कोण नावं ठेवणार? तिसऱ्यांचं लिखाण पुरं झालेलं असतं, बरंही असतं, पण कुणालाच दाखवलेलं नसतं.

पॉल ह्युइट आणि गॉर्डन फ्लेट या मानसशास्त्रज्ञांनी १९९१ मध्ये परिपूर्णतेच्या हट्टाची तीन अंगं मांडली. माणूस ती परिपूर्णता स्वतःकडून मागतो, दुसऱ्यांकडून मागतो, किंवा लोक आपल्याकडून ती मागताहेत असं धरून चालतो. लिहिणाऱ्यांपुरती माझी जुळणी अशी: सुरुवातीलाच अडणाऱ्यात पहिलं अंग जास्त, आणि लिहून लपवणाऱ्यात तिसरं. दुसऱ्या अंगाची माणसं साहित्याच्या कार्यक्रमात तिसऱ्या रांगेत भेटतात. त्यांना कुणाचंच आवडत नाही आणि त्यांचं स्वतःचं वर्षानुवर्षं काही येत नाही.

तुमची जागा कळली की पुढच्या पायऱ्यांतल्या कुठल्या पायरीवर जास्त वेळ द्यायचा ते कळेल. आणि हा हट्ट नुसत्या लिखाणापुरता नसेल, नोकरीत, घरात, झोपेतही तोच छळत असेल, तर वही बाजूला ठेवून आधी समुपदेशकाशी बोला. ते काम लेख वाचून होत नाही.

खर्डा: वाईट लिहायची सोय

शंभर पानी, स्वस्तातली वही घ्या. कातडी बांधणीची भेट मिळालेली डायरी नको. तिच्यात वाईट वाक्य लिहायला हात धजत नाही, म्हणून ती कोरीच राहते. बॉलपेन चालेल, पेन्सिल आणि खोडरबर अजिबात नको.

मोबाइलवर पंचवीस मिनिटांचा गजर लावा आणि मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवा. गजर ऐकू आला की झालं. या पंचवीस मिनिटांत लिहून झालेल्या ओळीकडं परत जायचं नाही. शब्द सुचला नाही तर चौकटी कंस टाकून त्यात काय हवंय ते लिहायचं आणि पुढं सरकायचं: [इथं पावसाचा वास], [मामाचं आडनाव ठरव], [हे पटत नाही, नंतर बघू]. हे कंस फार कामाचे आहेत. परीक्षकाला जे म्हणायचं असतं ते त्यात टिपून ठेवता येतं आणि हात थांबत नाही.

पानं मोजू नका, बैठका मोजा. आठवड्यात चार बैठका झाल्या तर भरपूर झालं. रोज लिहिलंच पाहिजे हा नियम म्हणजे पुन्हा तोच हट्ट आहे. एक दिवस चुकला की माणूस पुढचा महिना सोडून देतो.

वहीसमोर बसलं की गारठणाऱ्यांना एक वेगळी वाट आहे. मोबाइलच्या कीबोर्डवर मराठी बोलून टाइप करायची सोय असते. ती चालू करून सकाळी रंकाळ्याला एक चक्कर मारा आणि गोष्ट तोंडानं सांगा. फोनवर बोलतोय असंच लोकांना वाटतं. ते यंत्र इतक्या चुका करतं की सुबक लिहायचा प्रश्नच उरत नाही, आणि आपल्याला नेमकं तेच हवं असतं.

खर्डा म्हणजे काय ते दाखवतो. समजा गंगावेशीतल्या दूध कट्ट्यावर, जिथं समोर म्हशीची धार काढून दूध देतात, तिथं एक बाप आणि पोरगा आहेत. खर्डा असा असू शकतो:

‘रात्र. म्हशी ओळीनं उभ्या. शेणाचा, वैरणीचा वास. [धारेचा आवाज कसा?] बाप पोराला घेऊन आलाय. बाप गप्प हाय. काहीतरी बिनसलंय. [नोकरी गेली? का आईचं काही?] पोराला कळतंय पण विचारायचं धाडस नाही. दुधावर फेस. बाप सांगतो की [काय सांगतो???]. पोरगा दूध पीत नाही.’

वाचायला हे काहीच नाही, आणि खर्डा एवढाच असावा. आता याच्यावर चार दिवसांनी काम केल्यावर:

‘“पी,” बाप म्हणाला. पोरानं ग्लास तसाच धरला. वरचा फेस बसत गेला.

“पी की लेका, गार झाल्यावर काय मजा?”

बापानं पाकीट काढलं, उघडलं, परत खिशात घातलं. “मालक, उद्या देतो.”

मालकानं मान हलवली. पोरगं मात्र बापाच्या तोंडाकडंच बघत राहिलं. उधार मागणाऱ्यांना बाप काय काय बोलायचा, ते त्यानं कैकदा ऐकलं होतं.’

म्हशी गेल्या. शेणाचा वास गेला. धारेच्या आवाजाला शब्द शोधायचा राहिला आणि त्याची गरजही राहिली नाही. बाप काय सांगतो या कंसाचं उत्तर ‘काहीच नाही’ असं निघालं, आणि ते पाकिटामुळं सापडलं. पहिल्याच दिवशी धारेच्या आवाजासाठी नेमका शब्द शोधत बसलं असतं तर संध्याकाळ त्यातच गेली असती, आणि तो परिच्छेद नंतर कापायलाही जीव झाला नसता. पहिल्या बैठकीत वाक्य घासण्यातला खरा तोटा हा. उडणार असलेल्या वाक्यांवरच जास्त कष्ट जातात.

परीक्षक आत येतो, पण तीन फेऱ्यांत

खर्डा पुरा झाला की निदान आठवडाभर वही मिटून ठेवा. मग दुरुस्तीच्या तीन फेऱ्या करा, आणि एका फेरीत एकच काम.

पहिल्या फेरीत फक्त गोष्ट बघायची. कोणाला काय हवंय, कुठं वळतं, काय वगळलं तरी चालतं. या फेरीत शब्दाला हात लावायचा नाही. परिच्छेद उचलून इकडचे तिकडं करा, पानंच्या पानं काढा. दुसऱ्या फेरीत मोठ्यानं वाचा आणि जीभ अडखळते तिथं खूण करा. मोठ्यानं म्हणजे खरंच मोठ्यानं. मनातल्या मनात वाचताना माणूस स्वतःच्या वाक्याला सांभाळून घेतो. तिसरी फेरी शुद्धलेखनाची, आणि ती शेवटचीच हवी.

फेऱ्या कधी संपवायच्या? बदललेलं आणि आधीचं, असे दोन्ही परिच्छेद कुणाला तरी वाचून दाखवा, कुठला नवा ते न सांगता. ऐकणाऱ्याला फरक सांगता आला नाही तर आता फक्त खोडाखोड चाललीय. तिथं थांबा. चौथी फेरी मागणाऱ्या मनाला सांगा की ती पुढच्या कथेत घेऊ.

‘आपली भाषा शुद्ध नाही’ ही भीती

या भागातल्या लिहिणाऱ्यांत हट्टाचं एक खास रूप दिसतं, म्हणून इथं जरा थांबतो. करवीर, कागल, राधानगरी, शिरोळ, कुठलंही गाव घ्या. घरात ‘आलास व्हय?’ म्हणणारा माणूस कागदावर ‘तू आलास काय?’ लिहितो आणि संवाद तिथंच मरतो. कारण विचाराल तर, ‘पुण्या-मुंबईच्या संपादकाला हसू येईल.’

त्या संपादकाला हसू येण्याचे दिवस कधीच गेले. पट्टणकोडोलीचे शंकर पाटील आणि कागलचे आनंद यादव यांनी याच मातीतली बोली मराठी साहित्याच्या मधोमध आणून बसवली, त्याला अर्धशतक होऊन गेलं. आणि शुद्धलेखनाच्या ज्या नियमांना आपण भितो ते नुसते अठरा आहेत: मराठी साहित्य महामंडळाचे १९६२ चे चौदा आणि १९७२ चे चार. कुणाच्या तोंडची भाषा उच्चाराप्रमाणे लिहायला त्या नियमांनीच मोकळीक दिलीय. म्हणजे पात्र ‘न्हाई’ म्हणत असेल तर ‘न्हाई’ लिहिणं ही चूक होत नाही.

करायचं एवढंच. संवाद लिहिताना तुमच्या घरातलं एक खरं माणूस डोळ्यांसमोर धरा, आत्या, चुलता, शेजारची काकी, आणि ते माणूस हे वाक्य कसं बोलेल ते कानानं ऐका. निवेदनाची भाषा कुठली ठेवायची ते एकदा ठरवा आणि कथेच्या शेवटापर्यंत तीच ठेवा. एका पानावर ‘असे केले’ आणि दुसऱ्यावर ‘असं केलं’ हे मात्र संपादकाला खरंच खटकतं. ऱ्हस्व-दीर्घाची शंका खर्ड्यात कधीही सोडवायची नाही. तिसऱ्या फेरीत मराठी शब्दकोश उघडायचा किंवा व्याकरण येणाऱ्या माणसाला पंधरा मिनिटं द्यायला सांगायचं. तेवढ्यात भागतं.

तुलना: जोड बघून लावा

तुलना करूच नका असं सांगणं सोपं आहे, पण ते होत नाही. लिऑन फेस्टिंगर या मानसशास्त्रज्ञानं १९५४ मध्ये मांडलं होतं की स्वतःला मोजायला पक्कं माप नसलं की माणूस दुसऱ्यांकडं बघून स्वतःला मोजतो, आणि त्यातही आपल्यासारखी वाटणारी माणसं निवडतो. धावण्याला घड्याळ आहे, उसाला वजनकाटा आहे. कथेला काय आहे? म्हणून लिहिणारा माणूस शेजाऱ्याच्या पानात डोकावणारच.

खासबागेच्या मैदानात कुस्ती लावताना जोड बघतात. कालपरवा तालमीत आलेल्या पोराला नावाजलेल्या मल्लासमोर कुणी उभं करत नाही. केलं तर त्या पोराची ताकद कुणालाच कळणार नाही, त्यालाही नाही. लिहिणारे मात्र रोज हेच करतात. पहिली कथा घेऊन थेट खांडेकरांसमोर जाऊन उभे राहतात.

वि. स. खांडेकरांची पहिली कादंबरी, ‘हृदयाची हाक’, १९३० ची. ‘ययाति’ आली १९५९ मध्ये. मधे एकोणतीस वर्षं आहेत, आणि ‘ययाति’ आली तेव्हा ते साठी ओलांडलेले होते. हे वाचून बरं वाटलं? मग आता दुसरा आकडा ऐका. आजऱ्याचे शिवाजी सावंत १९४० चे, आणि ‘मृत्युंजय’ आली १९६७ मध्ये, म्हणजे सत्ताविसाव्या वर्षी. तेव्हा ते कोल्हापुरात शाळेत शिकवत होते. पहिल्या आकड्यानं दिलासा मिळतो, दुसऱ्यानं पोटात गोळा येतो, आणि उद्या सकाळच्या पंचवीस मिनिटांत काय लिहायचं ते दोन्हींतला एकही आकडा सांगत नाही. वयाची तुलना दिलासा देत असेल तरी सोडा. उद्या तीच उलटते.

त्याऐवजी तुलनेला कामाला लावायचे दोन मार्ग आहेत.

एक, माणसाशी तुलना न करता परिच्छेदाशी करा. ज्याचा हेवा वाटतो त्याचा एक परिच्छेद हातानं वहीत उतरवून काढा. मग त्याच्याकडं सुताराच्या नजरेनं बघा. वाक्यं किती, सगळ्यात लहान वाक्य कुठं आहे, विशेषणं किती, लेखकानं काय सांगितलंच नाही, संवाद कुठल्या वाक्यानं तुटतो. त्यातली एकच गोष्ट उचला आणि स्वतःच्या परिच्छेदात वापरून बघा. हेव्याला हात-पाय दिले की तो अभ्यास होतो. नुसता मनात ठेवला की रात्रीची झोप खातो.

दोन, सामान्य लिखाण वाचा. हा सल्ला विचित्र वाटेल, पण मला तो सगळ्यांत उपयोगाचा वाटतो. करवीर नगर वाचन मंदिरासारख्या जुन्या वाचनालयात (ते १८५० चं आहे) तीस-चाळीस वर्षांपूर्वीचे दिवाळी अंक आहेत का विचारा. एक अंक घेऊन पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचा. अनुक्रमणिकेतली किती नावं ओळखीची निघतात? एक-दोन कथा उत्तम असतील, काही बऱ्या, बाकीच्या पडलेल्या. तरी त्या छापल्या गेल्या, लोकांनी दुपारच्या जेवणानंतर लोळत वाचल्या, आणि त्या लेखकांनी पुढच्या दिवाळीला आणखी एक लिहिली. आपण एरवी काळाच्या चाळणीतून उरलेलीच पुस्तकं बघतो आणि त्यांनाच त्या काळचं लिखाण समजतो.

मोबाइलबद्दल थोडक्यात. लिहायच्या दिवशी लिहून होईपर्यंत फेसबुक आणि स्टेटस उघडायचं नाही. लेखक-मित्रांच्या पोस्ट काही काळ न दिसण्याची सोय तिथं असते, ती बिनधास्त वापरा. त्यांना कळत नाही.

कुणाला दाखवायचं आणि काय विचारायचं

दोन वाचक पुरे. एक वाचणारा पण न लिहिणारा, दुसरा लिहिणारा पण तुमच्याशी शर्यत नसलेला, म्हणजे तुम्ही कथा लिहीत असाल तर कवी चालेल. आई-वडील, नवरा-बायको यांना पहिला वाचक करू नका. ते तुम्हाला वाचतात, कथेला नाही.

‘कशी वाटली?’ विचाराल तर ‘भारी हाय भावा’ असं उत्तर येईल आणि दोघंही चहा प्यायला जाल. प्रश्न नेमके विचारा. कुठं कंटाळा आला? गोष्टीत काय झालं ते तुझ्या शब्दांत सांग. कुठल्या माणसाचं बोलणं खोटं वाटलं? उत्तरं येत असताना बाजू मांडायची नाही, वहीत उतरवून घ्यायची. दोघांनी एकाच जागी बोट ठेवलं तर ती जागा बदला. एकानंच ठेवलं तर विचार करा, आणि पटलं नाही तर सोडून द्या. उत्तर काय देऊ याचा विचार दुसऱ्या दिवशीसुद्धा करू नका.

तोंडावर बोललेलं लागतं, अशांनी सुरुवातीला टिपण लिहूनच मागावं.

पाठवा

मराठीत लिहिणाऱ्याला एक मोठी सोय आहे. १९०९ साली ‘मनोरंजन’ मासिकानं दिवाळी अंक काढला तेव्हापासून दर वर्षी एक ठरलेली मुदत आपोआप येते. बरेच संपादक पावसाळ्यात साहित्य मागवतात. उन्हाळ्यातच दोन-तीन अंक निवडा, गेल्या वर्षीचे त्यांचे अंक चाळा, शब्दमर्यादा बघा. मुदतीच्या आठवडाभर आधीची तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहा. त्या तारखेला जी प्रत असेल ती जाणार, हे आधीच ठरवून टाका. मनाला पटली की पाठवू, असं ठरवलं तर ती कधीच पटत नाही.

युनिकोडमध्ये टाइप करा, फायलीला कथेचं आणि स्वतःचं नाव द्या, पत्र चार ओळींचं लिहा. ‘माझा हा पहिलाच अल्पसा प्रयत्न, चुकभूल द्यावी घ्यावी’ असं काही लिहायचं नाही. संपादकाला वाचण्याआधीच चुका शोधायला सांगायची काय गरज? एका वेळी एकाच अंकाकडं कथा पाठवा आणि स्वतःजवळ प्रत ठेवा. वहीच्या मागच्या पानावर तक्ता आखा: कथा, कुठं पाठवली, कधी, उत्तर काय.

‘साभार परत’ येईल. कधी काहीच उत्तर येणार नाही, आणि ते जास्त लागतं. तीन महिने वाट बघून एक विचारणा करायची, तरी उत्तर नाही तर कथा मोकळी समजायची. ती परत उघडून वाचायची नाही. तक्त्यातल्या पुढच्या अंकाला जशीच्या तशी पाठवायची. दोन ठिकाणांहून परत आली तरच पुन्हा पहिल्या फेरीपासून बघायची.

आणि कथा पाठवली त्याच आठवड्यात शंभर पानी वहीत दुसऱ्या कथेच्या बैठका सुरू करायच्या, उत्तर येण्याच्या आधी.